पक्ष्याचा डोळा

दिवाळी अंकासाठी लिहिताना फराळाच्या ताटाला शोभेल असे काही गोडधोड लिहावे, असा संकेत आहे. यंदा मी तो मोडणार आहे. मला भांडायचे आहे, आणि तेही आपल्यातल्या बहुतेकांशी. म्हणजे आईबापांशी, मास्तरांशी, आणि या दोन्ही जमातींत मोडणाऱ्या माझ्या स्वतःशी. भांडणाचे निमित्त अगदी साधे आहे. गणपती उठल्यानंतरच्या रविवारी मी पुण्यास गेलो आणि माझ्या तेवीस वर्षांच्या मुलीबरोबर दिवसभर बंदुकीने नेम मारत राहिलो.

हे वाचून काहींच्या कपाळावर आठी उमटली असेल. आमच्या गावीही ती उमटली. मी सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी चित्रकला शिकवतो. शिक्षण म्हणाल तर जुन्या भाषेत मॅट्रिक. पुढे चित्रकला शिक्षकाची पदविका. शाळेतून उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. अशा माणसाने रविवारी फार तर व्याख्यानाला जावे, अशी लोकांची अपेक्षा असते. मी परत येऊन हकीगत सांगितली, तेव्हा शेजारचे अण्णा म्हणाले, "बंदूक? आणि ती पोरीच्या हातात?" स्टाफरूममधल्या एका सहकाऱ्याने विचारले, "पण सर, त्यातनं मिळतं काय?" आणि आमचे साडूभाऊ, जे कोणत्याही विषयावर शेवटचे बोलतात, ते म्हणाले, "आता या वयात तिचं काय ऑलिंपिक व्हायचंय? उगाच पैसे घालवायचे!"

या तीन वाक्यांशी माझे भांडण आहे. परंतु त्याआधी एक कबुली देणे भाग आहे. कारण यांतले मधले वाक्य नऊ वर्षांपूर्वी मीच उच्चारले होते.

मुलगी तेव्हा नववीत होती. गावच्या जत्रेत फुगे फोडायच्या फळीसमोर तिने दहांतले नऊ फुगे फोडले. दुकानवाल्याने बंदूक काढून घेतली आणि "ताई, दुसरीकडं जावा," म्हणाला. आमच्या शाळेच्या खेळाच्या शिक्षकांनी हे पाहिले. त्यांच्या ओळखीने जिल्ह्याच्या गावी एका क्लबात तिचे जाणे सुरू झाले. शनिवारी दुपारची एसटी धरायची, आत्याकडे मुक्काम करायचा, रविवारी संध्याकाळी परत. बंदूक क्लबाची, अंगातले जाड जाकीट कुणा मोठ्या मुलीचे वापरून झालेले. असे आठ महिने चालले. मग जून उजाडला, ती दहावीत गेली, आणि मी एका संध्याकाळी म्हणालो, "आता हे बास. यातनं मिळणार काय? एक वर्ष फक्त पक्ष्याचा डोळा बघायचा."

ती काहीच बोलली नाही. पुढच्या शनिवारी जाकीट धुऊन, वाळवून परत देऊन आली. दहावीला तिला ९१ टक्के मिळाले. मी गावभर पेढे वाटले. ते ९१ टक्के आज कुठे आहेत, असे कोणी विचारील तर मला लोखंडी कपाटातली एक फाईल दाखवता येईल. त्याहून जास्त काही दाखवता येणार नाही. तिच्या नोकरीच्या मुलाखतीत ते कोणी विचारलेसुद्धा नाहीत.

गेल्या वर्षी ती पुण्यात नोकरीला लागली, आणि तिसऱ्या पगारातून तिने एका रेंजची महिन्याची फी भरली. मला ते सहा महिन्यांनी कळले. आणि या भाद्रपदात तिचा फोन आला, "बाबा, एक रविवार मला द्या. तुम्हाला तिथं न्यायचंय. बघायला नाही, मारायला."

रेंज म्हणजे एका इमारतीच्या तळमजल्यावरचा लांबट हॉल. एका टोकाला उभे राहायचे, दहा मीटरवर लक्ष्य. लक्ष्य म्हणजे तळहाताएवढा कागद. त्यावर साडेचार सेंटिमीटर व्यासाचे वर्तुळ, त्यात वर्तुळे, आणि मधोमध दहा गुणांचा ठिपका. त्या ठिपक्याचा व्यास किती, हे ऐकून माझ्यातला चित्रकार चमकला. अर्धा मिलिमीटर! आमच्या वर्गात पोरे पेन्सिलीला टोक करतात, त्या टोकाची खूण याहून जाड उमटते. छर्रा मात्र साडेचार मिलिमीटरचा असतो. म्हणजे ज्या ठिपक्याला लागायचे, त्याच्या नऊपट रुंद.

सकाळचा पहिला तास मला एकही छर्रा मिळाला नाही. तिथल्या सरांनी आधी नियम सांगितले. बंदूक भरलेली असो वा रिकामी, नळी फक्त लक्ष्याकडे. आज्ञा झाल्याखेरीज बोट चापावर जाणार नाही. नळीत भडक रंगाची एक दोरी घातलेली असते. ती दिसत असेल तरच बंदूक रिकामी समजायची. "थांबा" म्हटले की निम्मा ओढलेला चापही सोडायचा. हे सांगताना त्यांचा आवाज शांत होता, पण एका पोऱ्याने गंमत म्हणून रिकामी बंदूक जरा बाजूला वळवली, तेव्हा त्याला त्या दिवसापुरते बाहेर बसवण्यात आले. कोणी रदबदली केली नाही.

आता अण्णांच्या आठीकडे वळतो. अण्णा, दर दिवाळीला आपल्या नातवाला टिकल्यांचे पिस्तूल कोण आणून देतो? तो पोरगा ते आत्याच्या छातीवर रोखतो, चाप ओढतो, आत्या "मेले रे!" म्हणून खाली पडते, आणि सगळे घर हसते. खंडेनवमीला आपण शस्त्रांना फुले वाहतो, पडद्यावर नायकाने चाळीस माणसे आडवी केली की शिट्या मारतो. लग्नाच्या वरातीत हवेत गोळ्या झाडण्याचा शौक देशाच्या काही भागांत इतका वाढला आणि त्यात इतकी माणसे हकनाक गेली, की २०१९ साली शस्त्र कायद्यात दुरुस्ती करून त्याला तुरुंगवासाची शिक्षा ठेवावी लागली. हे सगळे आपल्याला चालते. आणि जिथे नळी माणसाकडे वळवणे हाच पहिला गुन्हा आहे, त्या जागेची मात्र भीती वाटते!

अण्णांची भीती खोटी आहे, असे मी म्हणत नाही. बंदूक ही वस्तू भिण्यासारखीच आहे. घराघरांत ती असावी, असे म्हणणारा मी नव्हे. मुलगी जी वापरते, ती क्लबाच्या कपाटात कुलपात राहते, आणि ती तिथेच बरी. पण भीती वाटावी अशा वस्तूशी कसे वागायचे, हे मुलांना कुठेतरी शिकवले जावे, की सिनेमावर सोडून द्यावे? एवढाच माझा प्रश्न आहे.

"पोरीच्या हातात?" या शब्दांना तर महाराष्ट्रात उत्तर देण्याची पाळी यावी, याचीच लाज वाटते. मुंबईच्या अंजली भागवत एन.सी.सी.तून या खेळात आल्या आणि २००० साली सिडनी ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत उभ्या राहिल्या. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिक येथे जगज्जेत्या झाल्या. त्याच कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ साली पालेंबांग येथे आशियाई सुवर्णपदक जिंकले. नेमबाजीत ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री. ऑलिंपिक चालवणाऱ्यांनाही उशिराच शहाणपण आले. २०१६ च्या रिओपर्यंत एअर रायफलला पुरुषांना ६० शॉट आणि स्त्रियांना ४० होते. टोकियोपासून दोघांना साठच. तेव्हा अण्णांनी फार मनाला लावून घेऊ नये. त्यांना सोबत मोठी होती.

तासाभराने माझ्या हाती बंदूक आली. या बंदुकीचे वजन नियमाने साडेपाच किलोपर्यंत असू शकते. मी आयुष्यभर खडूहून जड काही पेललेले नाही. क्लबाचे जुने जाकीट पोटावर मिटेना. मुलीने वरची दोन बटणे लावली आणि म्हणाली, "असू दे बाबा, आत श्वास घ्यायला जागा राहील." मग तिने माझे पाय धरून जागेवर ठेवले, डावे कोपर कमरेच्या हाडावर टेकवले, आणि म्हणाली, "हाताच्या जोरावर धरू नका. हाडांवर ठेवा. आता डोळे मिटा."

मी डोळे मिटले.

"उघडा. माशी कुठं आहे?"

माशी म्हणजे नळीच्या टोकाची खूण. एअर रायफलला ती बारीक कड्यासारखी असते. डोळे उघडून पाहिले, तर कडे लक्ष्याच्या बरेच डावीकडे होते. मी हाताने बंदूक उजवीकडे ढकलली.

"हात नको. पाय हलवा. तुमचं शरीर जिकडं आपणहून बघतंय तिकडंच छर्रा जाणार. हातानं ओढून आणलंत तर सुटताना परत जाईल."

मी इंचभर उजवा पाय सरकवला. पुन्हा डोळे मिटले. असे पाचसहा वेळा. तेव्हा कुठे पहिला छर्रा मिळाला. मी त्या काळ्या वर्तुळाकडे टक लावून पाहिले, मनात अर्जुन आणला, चाप ओढला. बटण दाबल्यावर कागद सरसरत परत आला. कागद कोरा होता.

"कुठं बघत होता?" मुलीने विचारले.

"कुठं म्हणजे? लक्ष्याकडं!"

"तिथंच चुकतं. लक्ष्य पुसट दिसलं तर दिसू दे. तुम्ही माशीकडं बघा."

वाचक हो, इथे मी थोडा थांबतो. कारण माझ्या भांडणाचे मूळ इथे आहे. आमच्या शाळेच्या व्हरांड्यातल्या भिंतीवर वीस फूट लांब चित्र आहे. झाड, झाडावर पक्षी, खाली धनुष्य ताणलेला अर्जुन, मागे द्रोणाचार्य. खाली ठळक अक्षरांत लिहिले आहे, "लक्ष्य एकच." ते चित्र मी काढले आहे. त्या गोष्टीवर दर वर्षी दहावीच्या निरोप समारंभात कोणी ना कोणी बोलतो, बहुधा मीच. आणि ज्या खेळाचा दाखला मी इतकी वर्षे देत आलो, त्या खेळाचा पहिला धडा मला माझ्या मुलीने दिला तो असा, की नजर लक्ष्यावर रोवली की नेम जातो. माणसाच्या डोळ्याला जवळची माशी आणि दूरचे लक्ष्य एकाच वेळी स्वच्छ दिसत नाही. दोहोंतले एक निवडावे लागते, आणि निवडायची ती आपल्या हातातली वस्तू. माशी मधोमध आहे का, श्वास थांबला आहे का, बोट सरळ मागे येते आहे का, एवढेच तुमचे काम. कागदाचे काय व्हायचे ते त्यातून होते.

आपण मुलांना याच्या नेमके उलट शिकवतो. आठवीपासून त्यांच्या डोळ्यांसमोर टक्क्यांचा आकडा टांगतो. हातातल्या गणिताकडे, समोरच्या कवितेकडे बघायला त्यांना उसंत नसते. खेळाकडेही आपण त्याच डोळ्याने पाहतो. दहावीला खेळाडूंना सवलतीचे गुण आहेत. ठीक आहे, ज्यांची तयारी खेळापायी बुडते त्यांना ते मिळावेत. परंतु "किती गुण मिळतात?" हे विचारून मग मुलाचा खेळ ठरवणारे पालक मी दर जूनमध्ये पाहतो. "त्यातनं मिळतं काय?" या प्रश्नाचा हाच अर्थ आहे.

दुपारी डबा खाल्ला. पोळ्या तिने केल्या होत्या. कडा कच्च्या होत्या, पण ते इथे सांगण्याचे कारण नाही. मग मी खुर्ची घेऊन मागे बसलो आणि ती इलेक्ट्रॉनिक लक्ष्याच्या लेनवर उभी राहिली. साठ शॉट, पाऊण तास अधिक अर्धा तास, म्हणजे ७५ मिनिटे. या लक्ष्यांवर गुण दशांशात मोजतात. एका शॉटला जास्तीत जास्त १०.९. मी सवयीने मोजू लागलो. पण थोड्या वेळाने मी दुसरेच मोजू लागलो.

ती बंदूक उचलायची, गाल दस्त्याला लावायची, स्थिर व्हायची, आणि मध्येच काही न करता बंदूक खाली घ्यायची. मान सैल करायची, दोन श्वास घ्यायची आणि पुन्हा उचलायची. असे सतरा वेळा झाले. मला वाटले तिला जमत नाही. मी सरांना हळूच विचारले. ते म्हणाले, "तेच जमतंय. शॉट बरोबर बसत नाही असं वाटलं की सोडायचा. नवशिके सोडत नाहीत. हट्टानं मारतात."

मी वर्गात काय सांगतो? एकही प्रश्न सोडू नका. येत नसला तरी काहीतरी लिहा. वेळ संपत आला की भराभर लिहा. जी मुलगी सतरा वेळा "आत्ता नाही" म्हणून हात खाली घेऊ शकते, तिला आयुष्यात रागाच्या भरात लिहिलेले पत्र न टाकता ठेवून देता येईल, असे मला वाटले. निदान तिच्या बापाला ते कधी जमलेले नाही.

तिचे एकूण ६०३.४ झाले. आकडा ऐकून मला ऊर भरून आला. साडूभाऊंसाठी मी तो तिला नीट विचारून घेतला. तिने सांगितले, "साठ शॉटांत सगळं मिळून ६५४ होतात. मोठ्या स्पर्धेत अंतिम फेरीला ६३० च्या आसपास लागतात. मी तिथं पोचणार नाही बाबा. मला माहीत आहे."

"मग?" मी म्हणालो. नऊ वर्षांनी पुन्हा तोच प्रश्न माझ्या तोंडून निघाला.

"मग काय? आठवडाभर सगळे मला काहीतरी विचारत असतात. इथं पाऊण-एक तास मी नि श्वास. बास."

साडूभाऊ, हे आपल्याला पटणार नाही, हे मी जाणतो. १ ऑगस्ट २०२४ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक जिंकले. १९५२ च्या खाशाबा जाधवांनंतर महाराष्ट्राच्या मातीतल्या माणसाला वैयक्तिक पदक मिळायला ७२ वर्षे लागली. आपण त्या दिवशी आमच्या चौकात फटाके लावलेत, मला आठवते. मीही टाळ्या वाजवल्या. पण त्याच साडूभाऊंच्या मुलाने फटाके विझायच्या आत "मी क्लबला जाऊ का?" म्हणून विचारले, तर आपण काय म्हणालात, तेही मला आठवते. पदक आले की ते आपले सर्वांचे. सराव मात्र दुसऱ्याच्या मुलाने करावा! हजारो साधी मुले केवळ हौसेने जिथे खेळतात, तिथूनच कधीतरी एक कुसाळे निघतो. आणि ज्यांच्यातून कोणी निघत नाही, त्यांचे खेळणे फुकट गेले, असे मानायचे कारण काय? गाणाऱ्या प्रत्येकाची मैफल होत नाही. म्हणून घरातली भजने आपण बंद करतो का?

एक गोष्ट मात्र साडूभाऊंची खरी आहे. पैसे लागतात. स्पर्धेची चांगली परदेशी बंदूक काही लाखांत जाते, छर्रे रोज संपतात, आणि तालुक्याच्या गावी दहा मीटरचा एक बंदिस्त हॉल शोधून सापडत नाही. जत्रेतली फुग्यांची फळी आणि मोठ्या शहरातली रेंज, या दोहोंच्या मध्ये आमच्या मुलांसाठी काही नाही. सत्कारासाठी कमानी उभारणाऱ्यांनी एका कमानीच्या खर्चात तालुक्याच्या शाळेत दोन जुन्या बंदुका, चार लेन आणि एक शिकवणारा माणूस आणता येतो का, हे एकदा मांडून पाहावे. त्यांच्याशीही माझे भांडण आहे. पण ते पुढच्या अंकात.

संध्याकाळी तिने स्कूटरवरून मला स्वारगेटला सोडले. गाडीला वेळ होता. मी चहा घेताना म्हणालो, "तेव्हा मी थांबवलं नसतं तर आज..."

"तसं काही नाही बाबा," ती म्हणाली. "कदाचित मीच सोडलं असतं. थांबवलंत त्याचा राग नाही. विचारलं नाहीत एवढंच."

एसटीत मला महाभारत आठवत राहिले. मूळ आदिपर्वात द्रोणाने झाडावर ठेवलेला पक्षी कारागिरांनी केलेला, कृत्रिम आहे. म्हणजे तेही लक्ष्यच. अर्जुनाला त्यात पक्ष्याचे फक्त डोके दिसते; डोळा आपण मागाहून केला. पण अर्जुनाच्या आधी द्रोणाने युधिष्ठिराला विचारले होते. त्याने खरे तेच सांगितले. मला झाड दिसते, पक्षी दिसतो, माझे भाऊ दिसतात, आपणही दिसता. गुरू रागावले आणि त्याला बाजूला केले. धनुर्धर म्हणून तो नापासच, यात वाद नाही. पण मी धनुर्धर नव्हतो. मी बाप होतो. माझ्या हाती धनुष्य नव्हते, समोर परीक्षा माझी नव्हती. झाड, पक्षी आणि शेजारी उभे असलेले पोर, हे सगळे दिसणे हेच माझे काम होते. मी नेमका पक्ष्याचा डोळा तेवढा पाहिला. आणि त्याच आदिपर्वात, त्याच गुरूने एका मुलाचा अंगठा मागितला आहे. त्या मुलानेही काही न बोलता तो काढून दिला. आमच्या घरी जाकीट धुऊन, वाळवून परत गेले होते.

म्हणून या दिवाळीत माझे मागणे एवढेच आहे. घरी आलेल्या मोठ्या मुलाला, मुलीला एकदा विचारा, की तुला काय येते, आणि ते मला शिकवशील का? बंदूकच हवी असे नाही. पोहणे असेल, तबला असेल, मोटारसायकलचे इंजिन खोलणे असेल. बघायला जाऊ नका. करायला जा, आणि त्यांच्यासमोर चुका. माझ्या दहा शॉटांचे ३४ गुण झाले. दोन छर्रे कागदाला लागलेच नाहीत. तो कागद मी ९१ टक्क्यांच्या फाईलमध्ये लावून ठेवला आहे.

सुट्टी संपल्यावर शाळेच्या व्हरांड्यातले चित्र मी दुरुस्त करणार आहे. मुख्याध्यापकांची परवानगी मागितली आहे. अर्जुन राहील; त्याने आपले काम चोख केले, त्याला पुसण्याचा मला अधिकार नाही. पण डाव्या बाजूला पाचसहा फूट भिंत मोकळी आहे. तिथे युधिष्ठिर काढीन, आणि तो जे जे पाहत होता ते सगळे. खालची दोन शब्दांची ओळ मात्र चुन्याने बुजवून टाकणार आहे.